बडा काफ

रेकॉर्डर घ्यायचा हे आमचं ठरलं ते एका आईमुळे.

९ नोव्हेंबर हा अल्लामा इक्बाल यांचा जन्मदिवस. आपल्याकडच्या उर्दू शाळांत तो उर्दू दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या समूहगान स्पर्धेसाठी सातवी-आठवीची बावीस मुलं-मुली आम्ही तयार करत होतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघी. एकाच शाळेत शिकवतो आणि पिंपळे सौदागरात एकाच इमारतीत राहतो, एक तिसऱ्या मजल्यावर, एक पाचव्या. त्यामुळे शाळेत जे उरतं ते घरी येतं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप, म्हणून तालीम तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. सोफा बाहेर, सतरंजी आत. मुलं काळेवाडी, रहाटणी, कासारवाडीहून यायची.

पहिल्याच तालमीत सवयीने मोबाइल काढला आणि गाणं टिपलं. चांगलं वाटलं म्हणून शाळेच्या ग्रुपवर टाकलं. ते तिथून आणखी कुठेकुठे गेलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीची अम्मी आली. भांडायला नव्हे. काळेवाडीहून रिक्षाने आली, लिफ्ट बंद म्हणून जिना चढली, नकाब वर करून पाणी प्यायली आणि म्हणाली, "आपा, गाने को मैं ना नहीं बोली. गाने देव. पन मोबाइल में नक्को. मेरी बच्ची की आवाज किधर किधर गई, मेरे को मालूमच नहीं."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या फोनमधून पुसता येतं, दुसऱ्याच्या फोनमधून कसं पुसणार? दोघी दिलगिरी व्यक्त करून गप्प बसलो. ती गेल्यावर मात्र अडचण समोर आली. गाणं न टिपता बसवायचं तर आपल्या कानांवर विसंबून राहावं लागणार, आणि बावीस मुलांपुढे उभं राहून हातवारे करणाऱ्या माणसाचे कान कामाचे नसतात. तो सगळा वेळ पुढची ओळ आठवत असतो.

नेटशी संबंध नसलेलं यंत्र हवं होतं. ते काळेवाडीतल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे मिळालं. त्याची आपा म्हणजे आमची जुनी विद्यार्थिनी, म्हणून त्याने पंधरा दिवस वापरायला दिलं. "पसंत पडलं तर नवीन घ्या," असा सल्लाही दिला. असली यंत्रं झूम, टॅस्कॅम, सोनी अशा जपानी कंपन्या करतात. तापकीर गल्लीत चौकशी केली तेव्हा लहानातल्या लहान रेकॉर्डरची किंमत आमच्या पगाराला जाणवेल इतकी निघाली. तेव्हा आधी पारखून घ्यायचं आणि मगच वर्गणी काढायची, असं ठरलं.

यंत्र हातात मावेल एवढं. डोक्यावर दोन मायक्रोफोन, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. एक डावीकडचं ऐकतो, एक उजवीकडचं. घड्याळात घालतो तसल्या दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतं. आवाज करंगळीच्या नखाएवढ्या कार्डावर जातो. ते कार्ड काढून त्या अम्मीला दाखवलं. तिने तळहातावर घेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं. "ये तुमारे पास रहेंगा ना?" म्हणाली. आमच्याकडेच राहील, कार्यक्रम झाला की तुमच्यासमोर पुसू, असा शब्द दिला. बाकीच्या पालकांनाही तेच सांगितलं. त्यातल्या पुष्कळांना इतकं विचारण्यासारखं यात काय आहे, हेच कळलं नाही.

पहिली चाचणी वाईट गेली. यंत्र टीपॉयवर ठेवलं, मुलं भोवती बसवली आणि बटण दाबलं. नंतर ऐकलं तर सगळ्यात पुढे पंखा. त्याच्या मागे कोणीतरी टीपॉयच्या पायाला अंगठ्याने ठेका देतंय, ते ढोल वाजल्यासारखं. मग हार्मोनियमच्या भात्याची करकर, आणि या सगळ्याच्या पलीकडे, शेजारच्या फ्लॅटमध्ये गात असावीत तशी आमची बावीस मुलं. लाकूड आवाज वाहून नेतं हे विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो. दुसऱ्या वेळी टीपॉयवर गोधडीची चौपदरी घडी घालून यंत्र ठेवलं आणि ठेका नाहीसा झाला. पुढे शूटिंगवाल्याचा ट्रायपॉड आणला आणि यंत्र मुलांच्या तोंडाच्या उंचीपेक्षा किंचित वर, पाच-साडेपाच फुटांवर उभं केलं. मुलं अर्धवर्तुळात. अंतर दुप्पट केलं की आवाजाची तीव्रता एक चतुर्थांशावर येते. त्यामुळे पुढे बसलेली दोन मुलं म्हणजेच सगळं गाणं, असं व्हायचं. ज्यांचा आवाज मोठा त्यांना मागे नेलं, हळू गाणाऱ्यांना पुढे. बसण्याची ही जागा मुलांना अपमानाची वाटली. मागची रांग म्हणजे शिक्षा, असं आम्हीच त्यांना वर्गात शिकवलेलं.

पंख्याचं कोडं निराळं होतं. यंत्रात एक सोय असते, आवाजाची पातळी आपोआप ठरवण्याची. ऐकायला छान वाटते, तालमीत ती घात करते. मुलं एक शेर म्हणून थांबली की यंत्राला वाटतं आवाज कमी पडला. ते कान टवकारतं, आणि त्या दोन सेकंदांत पंखा आणि खालचा पाण्याचा पंप हळूहळू मोठे होत जातात. मुलांनी पुढचा शेर उचलला की यंत्र दचकून कान मिटतं. सारं गाणं दम्याच्या रुग्णाने श्वास घ्यावा तसं वरखाली होत राहतं. ही सोय बंद करून पातळी हाताने लावली. ती किती लावायची, हे आम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी शिकवलं.

आजोबा भजनी मंडळातले. आमच्या तालमीचा आवाज त्यांच्याकडे जायचा. एका रविवारी दार वाजलं, तेव्हा आम्हाला वाटलं तक्रार घेऊन आले. ते टाळ घेऊन आले होते. "तुमचं ते यंत्र आमचा हरिपाठ धरेल का, बघा," म्हणाले. त्यांनी एकदाच टाळ वाजवला आणि पडद्यावरचा आकडा शून्याला जाऊन आदळला. ऐकलं तर टाळ नव्हता, पत्रा फाटल्याचा आवाज होता. जुन्या कॅसेटवर जरा जास्त आवाज गेला तर ती थोडं सोसून घ्यायची, आवाज जाडसर व्हायचा एवढंच. या यंत्रात शून्य हे छत आहे. छताला लागलेलं डोकं कापलं जातं आणि परत जोडता येत नाही. म्हणून सगळ्यात मोठा आवाज उणे बाराच्या आसपास राहील असं बघायचं, वर मोकळी जागा सोडायची. आजोबांचा टाळ जिथे मावला, तिथे आमचा डफही मावला. गडगड कमी करणारं बटणही आजमावलं. पंख्याची घरघर गेली पण त्याबरोबर डफाचं पोटही गेलं. शेवटी ते बटण बंद ठेवून पंखाच बंद केला. ऑक्टोबर हीटमध्ये बावीस मुलं आणि बंद पंखा. पुढच्या मजकुरात जिथे चिडचिड दिसेल तिथे वाचकांनी हे लक्षात घ्यावं.

हार्मोनियमवर एक चाचा होते, नात्याने आमच्यातल्या एकीचे. तारुण्यात कव्वालीच्या पार्टीत साथ केलेली. त्यांनी यंत्राला पहिल्या दिवसापासून पाठ दिली. मुलं ऐकायला गोळा झाली की हे गॅलरीत जाऊन उभे. एकदा आग्रह केला तर म्हणाले, "बेटा, अपनी आवाज हवा में अच्छी. डब्बे में नको." आम्हाला हसू आलं. पण या एका वाक्यामागे आपल्या संगीताचा केवढा इतिहास उभा आहे, ते नंतर वाचताना कळलं.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला. तेव्हा त्याच्या भोंग्यासमोर आधी गायल्या त्या गौहरजानसारख्या बाया, ज्यांच्या आवाजाचा पर्दा समाजाने आधीच काढून घेतलेला होता. घरंदाज बायका आल्या नाहीत आणि पुष्कळ उस्तादही फिरकले नाहीत. गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारायची. तबकड्या तयार होत जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना ही कोणाची तबकडी ते कळावं म्हणून. कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये मुंबईत वारले. एवढा मोठा गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचा मूळपुरुष, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अवकाशात गेली. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. गुरूचा आवाज कोल्हापुरातही उरला नाही, शिष्येचा सूर्यमालेबाहेर पोचला. उलट किराण्याचे अब्दुल करीमखाँ यांनी तबकड्या दिल्या. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचा इंतकाल झाला. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्यांचा आवाज आज कुणीही ऐकू शकतो. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, म्हणून रागाचा अर्क काढून गावं लागे. आमच्या नखाएवढ्या कार्डावर तासन्‌तास मावतात आणि आम्ही त्यात पंख्याची घरघर भरतो, हा भाग वेगळा.

असं यंत्र गळ्यात घालून फिरणारे लोक आमच्या अगदी शेजारी होऊन गेले, हेही याच निमित्ताने कळलं. पिंपळे सौदागरहून वाकड ओलांडून हिंजवडीला गेलं की मुळशी तालुका लागतो. आता तिथे कंपन्यांच्या काचा आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी मुळशीच्या आणि महाराष्ट्रातल्या इतरही गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं, डिजिटल ऑडिओ टेपवर. म्हणजे आमच्या रेकॉर्डरचा आजाच तो. पुढे 'पारी'ने त्या ओव्या लोकांसमोर आणल्या. आमच्यातल्या एकीची नानीही जात्यावर गायची, मराठीतच गायची, आणि तिच्या ओवीत पैगंबरही यायचे आणि पंढरीही. तिच्या दारात कोणी यंत्र घेऊन गेलं नाही. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती कुणास ठाऊक. चाचांसारखं काहीतरी म्हणाली असती, असं वाटतं.

आता मूळ मुद्दा. इथून पुढे काही अक्षरांखाली नुक्ता द्यावा लागणार आहे. मराठी छापखान्यात तो नेहमी गळतो. या वेळी कृपा करून गाळू नये, संपादकांना विनंती.

मुलं म्हणत होती तो इक्बालांचा 'तराना-ए-हिंदी', १९०४ सालचा. चाल रविशंकरांची, जी सगळ्यांना पाठ आहे. शाळांतून बहुधा शेवटचा शेर, मक्ता, गाळतात. आम्ही मुद्दाम घेतला, कारण त्यात कवीचं नाव येतं आणि दिवस त्याच्या जन्माचा. त्या नावात 'क़ाफ़' आहे, मुलांच्या भाषेत बडा काफ. हा क पडजिभेपाशी आत उमटतो. साधा क, म्हणजे छोटा काफ, मऊ टाळूवर. मराठीत हा फरक नाही, म्हणून मराठी वाचकाला तो ऐकूही येत नाही. उर्दूच्या परीक्षकाला मात्र तेवढाच ऐकू येतो.

आमच्या बावीस मुलांत दोन तट. उत्तर प्रदेश-बिहारहून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आलेल्यांची मुलं 'इकबाल' म्हणत. सोलापूर, बीड, लातूरकडून आलेल्या दखनी घरांतली 'इख़बाल'. दखनीत बड्या काफचा ख़ होतो, हे काही गुपित नाही. आपण सगळेच घरात बख़रीद म्हणतो, वख़त म्हणतो. गावाकडची मराठी माणसंसुद्धा 'वखत' म्हणतात, तो ख बहुधा आपल्याच शेजाराने त्यांच्या तोंडी गेला असावा. तर आम्ही पंधरा दिवस एकच धोशा लावला होता: ख़ नको, क नको, घशाच्या आतून क़. पाठ्यपुस्तकात असतं तसं पडजिभेचं चित्र काढून दाखवलं. मुलं घसा खाकरून दाखवत, हसत आणि पुन्हा तेच म्हणत.

तोवर आम्ही जागा वाचवायला एमपी-थ्रीत टिपत होतो. मिनिटाला एक एमबी. त्यात सूर-ताल कळायचे, पण श आणि स एकमेकांत मिसळून जायचे. उच्चार तपासायचे तर हे चालणार नव्हतं. म्हणून वेव्ह फाइल लावली. त्यात यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतं आणि काही गाळत नाही. मिनिटाला दहा एमबी खातं. पाऊण तासाच्या तालमीचे साडेचारशेच्या वर. त्या रात्री मुलं गेल्यावर, जेवणं आटोपून, एकच हेडफोन दोघींत वाटून घेऊन बसलो.

आमची पद्धत अशी की आधी आमच्यातली एक ओळ म्हणून दाखवते, मागून मुलं. म्हणून फाइलमध्ये पहिला आवाज आमचा. आपला आवाज यंत्रातून पातळ आणि परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि यंत्राला आपलं हाड मिळत नाही. तो परकेपणा ओसरायला दोन-तीन दिवस गेले होते. त्या रात्री मात्र मक्ता आला आणि त्या पातळ, परक्या, शिक्षिकेच्या आवाजाने स्वच्छ म्हटलं: 'इख़बाल'. मागून मुलं, आज्ञाधारकपणे: 'इख़बाल'.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तो आवाज दोघींपैकी कोणाचा, ते इथे सांगत नाही, कारण ऐकणारी पाच मिनिटं दुसरीला चिडवत राहिली आणि मग आदल्या तालमीची फाइल काढली. तीत चिडवणारी सापडली. तिचा ख़ तर आणखी खरखरीत. लॅपटॉपवर ऑडॅसिटीत ती फाइल उघडून पाहिली. क म्हणताना आवाज क्षणभर थांबतो आणि फुटतो, म्हणून चित्रात एक बारीक मोकळी फट आणि पुढे टोक दिसतं. ख़ मध्ये श्वास अडत नाही, घासत जातो. आमच्या नावावर कुठेच फट नव्हती. दात घासायच्या ब्रशसारखे केस उभे होते.

बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा, मग त्यावर प्रत्याभरण. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली तेव्हा शिक्षकाला त्याचाच पाठ यंत्रावर दाखवत. आमच्या कॉलेजात यंत्राच्या जागी मैत्रिणी होत्या. "आवाज स्पष्ट होता, फळ्याचा वापर वाढवावा," एवढं लिहून त्या आपली वही पुढे करत आणि आम्हीही त्यांच्या वहीत तेच लिहीत. दहा वर्षांहून जास्त शिकवत आलो. या वर्षांत किती मुलांना 'ख़ नको' म्हणत ख़ शिकवला असेल, याचा हिशेब त्या रात्री मनात झाला आणि तो सुखाचा नव्हता.

मग वाद. एक म्हणाली, यात लाजण्यासारखं काय आहे? उर्दू गझल आधी दख्खनेत वाढली. वली आपला औरंगाबादचा, सिराज औरंगाबादचा. गोवळकोंड्याचा कुली कुतुबशहा १६१२ मध्ये गेला तेव्हा दिल्लीची उर्दू अजून उभी राहायची होती. त्यांच्या नातवंडांनी आपल्या बोलीचा ख़ का म्हणून पुसायचा? दुसरी म्हणाली, हे सगळं खरं, पण परीक्षक वलीचा नातू नसतो. तो तलफ्फुजचे गुण कापतो. आणि गुण आपले नाही, मुलांचे जातात. चूक आपली आहे हे माहीत असून त्यांना उभं करायचं का? रात्री साडेबाराला पाचव्या मजल्यावरची पाचव्यावर गेली. वाद मिटला नाही. अजूनही पूर्ण मिटलेला नाही.

पुढच्या तालमीत ती फाइल मुलांना काही न सांगता ऐकवली. मक्ता आला. बिहारच्या घरातला एक पोरगा, एरवी ज्याच्या श-सवरून आम्ही त्याला रोज उभं करायचो, तो पटकन म्हणाला, "आपा, ये तो आप हो." मग जो हशा पिकला तोही रेकॉर्ड झाला आहे, यंत्र चालूच राहिलं होतं. आम्ही कबूल केलं. शिक्षकाने कबूल केलं की वर्ग शांत होतो, हेही तेव्हाच कळलं. त्या शांततेत, जिच्या अम्मीने मोबाइल बंद करवला होता ती मुलगी उठली. फारशी बोलणारी नव्हे. म्हणाली, "आपा, चारो कुल पढ़ते वख़त तो आप का काफ बराबर आता."

बरोबर होतं. मक्तबात मौलवीसाहेबांनी तजवीद शिकवली तेव्हा बडा काफ आमच्याही घशात बसवला होता. नमाजमध्ये तो रोज जागेवर लागतो आणि सलाम फेरून उठलो की परत ख़ होतो. एकच जीभ, दोन खोल्या. त्या पोरीला हे दिसलं होतं, आम्हाला नाही. तिने उपायही सांगितला: आधी मनात कुल म्हणायचं, तोच काफ धरून ठेवायचा आणि इक्बाल म्हणायचं. आम्ही दोघींनी बावीस मुलांसमोर उभं राहून ते केलं. ती ऐकत होती आणि मान हलवून नाही म्हणत होती. चौथ्या-पाचव्या वेळी हो म्हणाली. रेकॉर्डर लावून बघितलं, ब्रशच्या केसांत बारीक फट पडली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि आकडा शून्याला जाऊन धडकला.

त्यानंतरच्या तीन तालमी यंत्राने आमच्याही घेतल्या. मुलं फाइल ऐकून आमच्या चुका काढत, आम्ही त्यांच्या. चाचा मात्र गॅलरीतच. एकदा घंटागाडीचं गाणं नेमकं मक्त्यावर आलं आणि सगळी मेहनत तिच्याखाली गेली, त्या दिवशी चाचा गॅलरीतून म्हणाले, "देखो, डब्बा सब की सुनता."

९ नोव्हेंबरला मुलं चांगली गायली. नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, लय शेवटी धावली. यंत्र सभागृहात तिसऱ्या रांगेत ट्रायपॉडवर होतं. घरी येऊन ऐकलं, खरंच धावली होती, दुसऱ्या शेरापासूनच. मक्त्यात कितींनी क़ म्हटला, कितींनी क आणि कितींनी ख़, ते बावीस आवाजांच्या गर्दीत मोजता येत नाही. फट आहेही आणि केसही आहेत.

यंत्र शूटिंगवाल्याला परत केलं. कार्ड आमचंच होतं, ते ठेवून घेतलं. दिलेल्या शब्दाप्रमाणे ती अम्मी पुढच्या रविवारी पुसलेलं बघायला आली. लॅपटॉप उघडला, फाइली दाखवल्या. पुसायच्या आधी एकदा ऐकायचं का, असं विचारलं. तिने ओढणीवरूनच हेडफोन लावला. स्टेजवरची फाइल पूर्ण ऐकली. काही बोलली नाही. मग मुलीच्या आवाजाने 'चारो कुल' म्हणणारी तालमीची फाइल ऐकली आणि हेडफोन काढला.

"ये वाला पोंछ डालो," म्हणाली. ते पुसलं. तिच्यासमोर, दोनदा विचारून.

"और वो सब बच्चों का गाना? उस में से मेरी बच्ची की आवाज कोई अलग निकाल सकता क्या?"

सभागृहातल्या दोन मायक्रोफोनवर बावीस मुलं एकत्र, मागे हार्मोनियम आणि डफ. आम्हाला तरी निघणार नाही, असं सांगितलं.

तिने जरा विचार केला. "सब में मिल गई है ना? फिर रहने देव."

कार्ड आता स्वयंपाकघरात वेलचीच्या लहान डबीत आहे. यंत्रासाठी वर्गणी सुरू आहे. आजोबांनी भजनी मंडळातर्फे पाचशे दिले, चाचांनी दोनशे.